छान झालंय

भार्गवरावांनी पिठलं मुद्दाम करपवलं होतं. ताट इंदुमतीबाईंपुढे ठेवून ते श्वास रोखून समोर बसले.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून सरळ बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. उशीर झाला की, "आज लवकरच आलात! बाजार बंद होता का?" किडकी वांगी आणली की, "सोनाराकडून आणलीत वाटतं?" गेल्या महिन्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली आणि परतही आली. पण आता उशीर झाला की त्या म्हणत, "दमला असाल. बसा." शेजारीण म्हणाली, "काकू किती गोड झाल्या हो!" भार्गवरावांना मात्र घरात कुणी परकंच येऊन राहिलंय, असं वाटे. करपलेल्या पिठल्यावर तरी ती टोमणा मारील, एवढीच आशा उरली होती.

बाईंनी घास घेतला, सावकाश चावला.

"छान झालंय हो."

भार्गवरावांना हसूच फुटलं. आजवर ती असंच तर म्हणत आली होती! डोळे पुसत तेही चेष्टेने म्हणाले, "एवढं छान झालंय, तर अजून वाढू का तुला?"

बाईंनी भाकरीच्या तुकड्याने ताटातलं काळं पिठलं पुसून खाल्लं, बोटं चाटली आणि रिकामं ताट पुढे केलं. भार्गवरावांनी उचललेला डाव तसाच पातेल्यात परत ठेवला.

"वाढा की," त्या मायेने म्हणाल्या. "पण तुम्हाला उरेल ना?"