सुनेची सॅक

सासऱ्यांची उभी हयात डोंगर चढण्यात गेली होती. सून मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच ट्रेकला निघाली, तेव्हा सॅक कशी भरायची ते त्यांनीच तिला शिकवलं. हलकं सामान तळाशी, जड ते पाठीला लागून आणि वाटेत लागेल ते वर.

सकाळी त्यांनी सॅक सहज उचलून बघितली. तोल अगदी बरोबर होता, पण दोन दिवसांच्या मानाने वजन फार वाटलं. त्यांनी चेन उघडली. वरच नातीचा शाळेचा गणवेश होता, त्याखाली तिचे स्वेटर, बूट, पुस्तकं.

सून दारात येऊन थबकली.

"हे कशाला, सूनबाई?"

"हे मला मारायचे ते सोसलं, बाबा," ती हळूच म्हणाली. "परवा ह्यांनी पोरीला पट्ट्याने मारलं."

पलीकडच्याच खोलीत सासऱ्यांचा मुलगा घोरत होता. त्यांनी माळ्यावरून स्वतःची सॅक काढली.

"पोरीचं सामान माझ्याकडे दे," ते म्हणाले. "तो उठायच्या आत तिघं निघू."