जिंकणाऱ्याचा शब्द

“डाव जिंकल्यावर ओरडायचा तो शब्द एकदा तरी सांगा ना, आपू!” शाल्मली काकुळतीला आली. फिलिपिन्समधल्या पत्त्यांच्या खेळांत मुरलेले होक्किएन चिनी शब्द गोळा करायला ती सांगलीहून आली होती आणि नेमका हाच अडला होता.

“जिंकलेली पानं हातात नसताना तो उच्चारला तर नशीब रुसतं.” पंपांगातली ही आपू, म्हणजे आजी, ठाम होती.

मग शाल्मली मुद्दाम हरायला लागली. तिनं टाकलेलं कामाचं पान पाहून आपू भडकली. “मला भीक घालतेस? नीट खेळ!”

शाल्मली नीट खेळली आणि चक्क जिंकली. पण आता ओरडणार काय?

“शब्दाशिवाय डाव धरत नाहीत,” आपू म्हणाली खरी, पण तिचीच जीभ वळवळत होती. शेवटी न राहवून तिनं शाल्मलीच्या हातातली पानं हिसकावली, स्वतःच्या हातात धरली आणि अंगणातल्या कोंबड्या उडाव्यात इतक्या जोरात तो शब्द ठोकला.

रेकॉर्डरनं तो टिपला. शाल्मलीला आभाळ ठेंगणं झालं.

“मी जिंकले,” तिच्यापुढे पत्ते सरकवत आपू म्हणाली. “पीस आता. हरलेल्यानं पिसायचं असतं.”