पाळण्यातलं नाव

"वन्सं, तुमच्यावाचून पाळणा अडलाय!" सांगलीहून वहिनी म्हणाली. फोनवर तिचा चेहरा दिसला आणि मला रडूच फुटलं.

मी राहते त्या देशात सरकारने बाहेरचे व्हिडिओ कॉल बंद केलेत. आत्याशिवाय बारसं कसलं, म्हणून सकाळपासून हळहळत होते. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी बंदी चुकवणारी प्रॉक्सी माझ्या फोनवर बसवून दिली. जाताना म्हणाल्या, "माझं नाव कुणाला सांगू नकोस हं. तुरुंगात टाकतील."

वहिनीने फोन भाचीच्या कानाशी धरला. मी कुलदेवीचं नाव सांगितलं, महिन्याचं सांगितलं, हाक मारायचं सांगितलं. मग अगदी हळू, त्या बाईंचंही सांगितलं.

"हे शेवटचं काय हो? ऐकूच आलं नाही."

"तिला आलं ना? मग झालं," मी म्हटलं. "ती नाही कुणाला सांगायची."