गोडेलीव्हची पहिली लाल सायकल

"कार्ड इथे टेकव," वेर्ला म्हणाली. "आता नंबर दाब. तुझा तूच ठरवलेला."

गोडेलीव्हने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि खांबावरच्या छोट्या पडद्याकडे संशयाने पाहिलं. "आणि विसरले तर?"

"कशी विसरशील? तुझ्या लग्नाचं साल आहे."

"म्हणून तर विचारतेय."

पडद्यावर आकडा उमटला. रांगेतल्या एका लाल सायकलीपाशी हिरवा दिवा लागला. सत्तरी ओलांडलेल्या गोडेलीव्हने आयुष्यात पहिल्यांदाच भाड्याच्या सायकलीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"केवढं जाड हँडल. गाईची शिंगं धरल्यासारखं वाटतंय."

"ओढ जोरात. निघेल."

निघाली. गोडेलीव्ह सायकलीसकट दोन पावलं मागे गेली. लेकीने तिला दंडाला धरून सावरलं.

अँटवर्पमध्ये गोडेलीव्ह जन्मली, वाढली, विधवा झाली, पण सायकलीवाचून कधी राहिली नव्हती. नवरा, स्ताफ, गेल्यावर तिने स्वतःची सायकल भाचीला देऊन टाकली आणि त्याची वापरायला काढली. उंच, काळी, मधल्या दांडीची. ब्रेक एकच, तोही पायडल उलटं मारलं की लागणारा. गोडेलीव्ह बुटकी. थांबायचं म्हणजे तिला सीटवरून जवळजवळ उडीच मारावी लागायची. मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर ट्रामच्या रुळात चाक अडकून ती पडली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी पुन्हा त्या सायकलीवर बसून बाजारात गेली. वेर्लाने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला.

"पाय चालतात तोवर चालवणार," एवढंच उत्तर मिळालं.

आणि मग एका सकाळी गोडेलीव्ह खाली उतरली, तर जिन्याखालची जागा रिकामी.

"चोर मोठा टापटिपीचा होता हं," गोडेलीव्ह आता म्हणाली. "साखळी, कुलूप, सगळं नेलं. टोपलीतला माझा रेनकोट मात्र नीट घडी करून पायरीवर ठेवला."

"असतात काही काही जण." वेर्ला वाकून सीट खाली करत होती. "हे बघ, हा खटका उघडायचा, सीट दाबायची. आता बस. टेकले की नाही पाय?"

गोडेलीव्ह बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकले. तिला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

"पोलिसांत जायला हवं होतं का ग?"

"आई, या शहरात रोज इतक्या सायकली जातात. कोण शोधत बसणार? चल, आधी मैदानाला एक चक्कर मारू."

वेर्लाने स्वतःसाठीही एक सायकल काढली. पहिल्या चकरेत गोडेलीव्हने कबुतरं उडवली आणि ब्रेक इतका दाबला की मागून येणारी वेर्ला तिच्यावर आदळता आदळता वाचली.

"याला दोन दोन ब्रेक आहेत," गोडेलीव्ह मागे वळून म्हणाली.

"सगळ्यांनाच असतात, आई."

दुसऱ्या चकरेत ती घंटी वाजवायला लागली. मग नदीकडच्या रस्त्याला लागल्या. पुढे आई, मागे लेक. वाटेत तो ट्रामचा रस्ता आला. ट्राम नुकतीच निघून गेली होती, रूळ ओले होऊन चमकत होते. गोडेलीव्हने वेग कमी केला, हँडल वळवून रुळांना सरळ काटकोनात घेतलं आणि जाडजूड चाकांवर धडधडत पलीकडे गेली.

"पाहिलंस?" तिने विचारलं.

"नाही. मी डोळे मिटून घेतले होते."

"चालत्या सायकलवर? आणि तू मला शिकवतेस."

नदीकाठचा स्टँड गच्च भरलेला निघाला. सायकल लावायला एकही खाच रिकामी नव्हती.

"आता काय, घरी घेऊन जाऊ?" गोडेलीव्हने विचारलं.

"पुढच्या स्टँडवर लावायची. कुठल्याही स्टँडवर लावली तरी चालते."

पुढच्या स्टँडवर जागा होती. गोडेलीव्हने पुढचं चाक खाचेत ढकललं, दिवा हिरवा झाला. तिने खात्रीसाठी सायकल दोनदा ओढून पाहिली.

मग दोघी काठावरच्या बाकावर बसल्या. वेर्लाने गाडीवरून कागदाच्या पुड्यात उकडलेली बारीक कोळंबी आणली होती. ती सोलत, खात बराच वेळ गेला. एक लांबलचक बोट पाणी कापत बंदराकडे गेली.

"बरी आहे," गोडेलीव्ह म्हणाली. "जड आहे. पण थांबते."

वेर्लाने मान नदीकडे वळवली.

"रडतेस?"

"वारा आहे."

"तू आणि तुझे बाबा. तुम्हां दोघांना वारा फार लागतो."

वेर्लाने नाक पुसलं. "तू पडलीस तेव्हापासून फोन वाजला की उचलायच्या आधी मी गाडीची किल्ली शोधते. तुला ते कळत नाही."

"कळतं की." गोडेलीव्हने कोळंबीचा हात रुमालाला पुसला आणि लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. "नाहीतर आज आले असते का?"

"बाबांच्या सायकलीची आठवण येते?"

"पहिले दोन दिवस फार वाईट वाटलं."

"मग?"

"मग नाही."

गोडेलीव्ह उठली, कोटावरची टरफलं झटकली आणि स्टँडकडे चालू लागली. कार्ड टेकवलं, लग्नाचं साल दाबलं, हिरव्या दिव्याची सायकल एका हिसक्यात बाहेर काढली, सीट स्वतःच खाली केली.

"मी एकटी जाते. तू मागे मागे येऊ नकोस."

"बरं. हळू जा. घरी पोचलीस की फोन कर."

"करते." गोडेलीव्हने एक पाय पायडलवर ठेवला. "आणि वेर्ला, बाबांच्या सायकलीला जरा तेल देऊन ठेव. तुझ्या गॅरेजमध्ये ओल फार येते."