कानाची खाच

तीन वर्षांनी मुलाला आईची आठवण झाली, तीही वकिलासकट. घरी येऊन घटकाभर बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. गाडीत घालून थेट आपल्या प्रयोगशाळेत आणलं. डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली, पायांत पिशव्या अडकवल्या. आईने वकिलाकडे पाहिलं. त्याच्याही डोक्यावर तसलीच टोपी.

"छान," ती म्हणाली. "तिघंही झाकून ठेवलेल्या उरल्यासुरल्या भाजीसारखे दिसतोय."

मुलगा हसला नाही. त्याने काचेचं कपाट उघडलं. आतून ऊब आली, तापाने फणफणलेल्या अंगाची येते तशी.

गुलाबी पाण्यात कान होते. माणसाचे. ओळीने. जिवंत पेशींचे, यंत्राने थरावर थर देऊन छापलेले.

"अपघातात कान गेलेल्यांना बसवणार आहोत," मुलगा म्हणाला. "घडण माझी. माझ्या डोक्यातून आलेली."

आई वाकली. प्रत्येक कानाच्या कडेला, वरच्या अंगाला, एक बारीकशी खाच होती. तिचं बोट आपसूक उचललं गेलं. मुलीची वेणी घालताना ते नेमकं तिथंच अडायचं. मुलगी जाऊनही बोट विसरलं नव्हतं.

"दवाखान्यात ताईच्या कानाचा तुकडा घेतला होतास," ती म्हणाली.

"पेशी तिच्या. तिने हो म्हटलं होतं. आकार मात्र माझा."

वकील पुढे सरकला. निसर्गाने घडवलेल्या वस्तूवर पेटंट मिळत नाही, म्हणाला, माणसाने घडवलेलीवर मिळतं. दुसरी कंपनी यांच्या पेटंटविरुद्ध कोर्टात गेली आहे. तिचं म्हणणं, हा कान यांच्या बहिणीच्या कानाची नक्कल आहे. "आपण म्हणतो, असा कान निसर्गात नाहीच. ही खाच बघा. हिच्यामुळे टाका घट्ट बसतो. ही यांनी पाडली. उद्या एवढंच सांगा आजी, मुलीच्या कानाला खाच नव्हती. नाहीतर कंपनी बुडेल, आणि हेही."

"आजी कुणाची रे मी? तुझी?"

"आई," मुलगा मधेच म्हणाला, "ताई काय परत येणार आहे? एका शब्दाने तिचं काय जातंय?"

कपाटात तोंड घालून आईने हाक मारली. घरात मारायची तशीच, मुलीच्या लाडक्या नावाने.

"त्यांना ऐकू येत नाही, आई. नुसत्या बाहेरच्या पाळ्या आहेत."

हाकेच्या वाफेने काच धुरकटली. गुलाबी पाणी थरारलं. मुलाने दार धाडकन लावून टाकलं.

आईने टोपी काढली, केस सारखे केले.

"येते मी कोर्टात," ती वकिलाला म्हणाली. "खाच यानेच पाडली, असं शपथेवर सांगते."

वकिलाचा जीव भांड्यात पडला. आई मुलाकडे वळली.

"पाच वर्षांचा होतास. खेळण्यावरून ताईच्या कानाला कडकडून चावलास. कानाचा तुकडाच पडला. तोंडाला रक्त लागलेलं, आणि वर मलाच म्हणतोस, मी नाही केलं. आज म्हणतोस, मीच केलं. आज खरं बोललास."