कोरडे तांदूळ

आमच्या कोपरखैरण्याचे पंच गोवर्धनकाका. त्यांच्या घरातली नथ हरवली, म्हणून त्यांनी कामाला येणाऱ्या येसूबाईला सगळ्या गावासमोर मूठभर तांदूळ चावायला लावले. घाबरलेल्या बिचारीच्या तोंडातून कोरडा भुगाच पडला.

“चोराचं तोंड सुकतं, हे शेंबडं पोर पन सांगंल! टाका हिला वाळीत!” काका गरजले.

“पण काका, चोर नसलेल्याचं सुकत नाही, हे कुणी तपासलंय? तुम्हीच चावून दाखवा की,” मी मध्येच बोलले.

“नववीत गेली नि लय शानी झाली!” काकांनी ऐटीत तांदूळ तोंडात टाकले.

“कोरडे निघाले तर तुम्हीपण वाळीत हं,” मी म्हटलं.

सगळं गाव टक लावून बघायला लागलं. काका चावत राहिले, चावतच राहिले आणि शेवटी थुंकले. भुगा कोरडा ठणठणीत!

मी हात पुढे केला. “द्या आता नथ.”