हिरवं दालन

इतागुईच्या कापड कारखान्यात मी नऊ वर्षांनी पुन्हा आवाज मोजायला गेलो, तेव्हा मीच काढलेला जुना नकाशा अजून भिंतीवर होता. कान जातील एवढा आवाज असलेली दालनं लाल, बाकीची हिरवी. कानात घालायचे बोळे फक्त लाल दालनांत वाटले जायचे.

आतल्या हिरव्या दालनात एदिल्माबाई नावाच्या विणकर बाईंच्या मागाशेजारी मी मीटर धरला. आकडा अठ्ठ्याण्णव डेसिबलवर गेला, म्हणजे सरळ लाल. आता मला आठवलं. मागच्या खेपेला कार्मेनमातेचा सण होता. पाद्री मागांवर पवित्र पाणी शिंपडत होते, म्हणून या दालनातले माग थांबवले होते. अंगणात सांकोचोच्या रश्श्याचं पातेलं उकळत होतं आणि मला भूक लागली होती. माग सुरू व्हायची वाट न बघता मी आकडा लिहून मोकळा झालो होतो.

"बाई, कानांना त्रास होतो का?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. मी ओरडून पुन्हा विचारलं.

त्या ओशाळल्या. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, "कुणाला सांगू नका, इंजिनियरसाहेब. मला ऐकू येत नाही. मागाचा दोष नाही हो, हे दालन हिरवं आहे. आमच्या घराण्यातच खोट असणार."

मग शेजारच्या मागावरच्या मुलीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही माझी धाकटी. हिला लाल दालनात घेत होते. मी हातापाया पडून इथे आणली."